रोज हिंजवडी, महिन्यातून दोनदा डोंगर: थारला टायर कोणते घ्यावेत?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. गाडी थार, डिझेल, फोर बाय फोर. रिम १८ इंची, कंपनीतून आलेले २५५/६५ आर १८ टायर (रुंदी २५५ मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या ६५ टक्के, रिम १८ इंची) ४४ हजार किलोमीटर चाललेत आणि नक्षी जेमतेम तीन मिलिमीटर उरली आहे. रोज वाघोली ते हिंजवडी ये-जा, महिन्यातून दोन रविवार मुळशी, वेल्हे, भोरकडच्या कच्च्या वाटा, वर्षातून तीन-चारदा बार्शीजवळच्या शेतावर आणि पुढच्या वर्षी लडाखचा बेत. मित्र म्हणतात मड टेरेन, म्हणजे चिखलाचे टायर टाक, त्याशिवाय थार शोभत नाही. घरून म्हणतात, आहेत तसेच घे, उगाच खर्च नको. साइज एक नंबर वाढवावी का, हेही तुम्ही विचारलंय.

पुण्यात टायर आणि अलाइनमेंटच्या धंद्यात मला बावीस वर्षं झाली, आणि जवळपास तितकीच वर्षं स्वतःची जीप घेऊन डोंगरात जातोय. त्यामुळे आधीच सांगतो की या प्रकरणात मी घरच्यांच्या बाजूचा आहे, पण पूर्ण नाही.

आधी हिशोब करू. वाघोली-हिंजवडी रोजचे साठ किलोमीटर धरले तर ऑफिसचेच वर्षाला सोळा-सतरा हजार होतात. रविवारच्या चोवीस फेऱ्या दीडशे-दीडशे किलोमीटरच्या, बार्शीच्या चार फेऱ्या, सगळं मिळून बावीस हजारांच्या आसपास. त्यात डांबर किंवा काँक्रीट सोडून चाक खरोखर खाली उतरतं ते किती? एका रविवारी पंधरा किलोमीटर म्हणजे डोक्यावरून पाणी. वर्षाचे चारशे धरा. शंभरातले दोनही भरत नाहीत. आता कोणी म्हणेल, त्या दोन किलोमीटरसाठीच तर थार घेतली. मान्य आहे, मीही त्यासाठीच घेतली होती. म्हणून त्या दोनमध्ये नेमकं काय होतं ते नीट बघायला हवं. तिथेच बहुतेक लोक चुकतात.

टायर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर चिखल येतो. व्हिडिओत तोच चांगला दिसतो. पण मुळशी-वेल्हे पट्ट्यात तुम्ही ज्यावरून जाता तो दगड आहे. काळवत्री, म्हणजे बेसाल्ट. वाहत्या ओढ्यातला गोल गोटा टायरला काही करत नाही. पण रस्त्यासाठी फोडलेला, दरडीतून घसरून आलेला किंवा पावसाने मुरूम वाहून गेल्यावर उघडा पडलेला काळवत्री दगड सुरीसारखा असतो. माझ्याकडे डोंगरातून परत येऊन भंगारात गेलेले जे टायर जमतात, त्यांतल्या बहुतेकांची नक्षी चांगली शाबूत असते. फाटलेली असते ती बाजू, साइडवॉल. नक्षीच्या पट्ट्यात खिळा गेला तर आतून मशरूम, म्हणजे छत्रीच्या आकाराचं रबरी बूच लावून टायर आणखी वीस हजार चालतो. साइडवॉलला कट गेला, आतल्या दोऱ्या तुटल्या, की तो टायर संपला. कुठलाही शहाणा पंक्चरवाला त्याला हात लावणार नाही, आणि लावला तर तुम्ही त्यावर हायवेला जाऊ नका.

चिखलात अडकलेली गाडी दोरी लावून निघते, फार तर दोन तास जातात आणि कपडे खराब होतात. त्यामुळे आपल्याकडच्या वाटांसाठी टायर घेताना पहिला प्रश्न ‘बटणं, म्हणजे नक्षीचे ठोकळे, किती मोठी’ हा नसून ‘बाजू किती दणकट’ हा असायला हवा. मोठ्या बटणांचा मड टेरेन दणकट बाजूचाच असतो असं लोक धरून चालतात. बहुतेकदा असतोही. पण दणकट बाजू मिळवण्यासाठी मड टेरेनच घ्यावा लागतो असं नाही, आणि सगळा गोंधळ इथेच होतो.

आता प्रकार. हायवे टेरेन म्हणजे एचटी, रस्त्याचा टायर. जिम्नी त्यावरच येते. शांत, हलका, पावसात डांबरावर उत्तम, दगडात नाजूक. ऑल टेरेन म्हणजे एटी, मधला. तुमच्या गाडीला कंपनीने दिलेले टायर एटीच आहेत, म्हणजे घरचे ‘आहेत तसेच’ म्हणतात तेव्हा ते एटीच घ्या म्हणताहेत, त्यांना ठाऊक नसेल एवढंच. मड टेरेन म्हणजे एमटी, मोठी सुटी बटणं, मधे रुंद खाचा. आणि गेल्या काही वर्षांत एटी आणि एमटीच्या मधला एक प्रकार आलाय, त्याला कोणी आरटी म्हणतं, कोणी एक्स-एटी. मधली नक्षी एटीसारखी, खांदे आणि बाजू एमटीसारख्या.

एमटी चिखलात का चालतो हे समजून घ्या, म्हणजे कुठे चालत नाही तेही कळेल. चाक फिरताना रुंद खाचांतली माती बाहेर फेकली जाते आणि पुढच्या फेरीला बटण पुन्हा मोकळं होऊन मातीत रुततं. एटीच्या अरुंद खाचा चिकण मातीने भरतात आणि टायर लाटण्यासारखा गुळगुळीत होतो. हे झालं चिखलात. ओल्या डांबरावर उलटा खेळ असतो. तिथे पकड येते ती रस्त्याला टेकलेल्या रबरातून आणि नक्षीवर कापलेल्या बारीक बारीक चिरांतून, ज्या पाण्याचा पातळ थर फोडतात. एमटीमध्ये खाचांनीच इतकी जागा खाल्लेली असते की टेकायला रबर कमी, आणि चिराही कमी. शिवाय दगडात तुटू नये म्हणून बऱ्याच एमटींचं रबर कडक ठेवलेलं असतं. पहिल्या पावसात, धूळ-तेलाचा चिकट राप रस्त्यावर असताना, चांदणी चौकाच्या उतारावर पुढच्या रिक्षाने कचकन ब्रेक मारला की हा फरक कळतो.

मला कळला तो ताम्हिणीत. जुन्या सीआरडीई थारला मी मोठ्या हौसेने एमटी टाकले होते. धंदा आपलाच, टायर आपल्याच भावात, विचारणार कोण! जुलैचा महिना, धुकं, समोर वळणावर एक एसटी. वेग चाळीसही नसेल. ब्रेक दाबला आणि गाडी सरळ चालत राहिली, स्टिअरिंग वळवलेलं असूनही. एसटीच्या मागच्या बंपरपासून हातभर अंतरावर थांबली. नशीब, बाकी काही नाही. त्याच संध्याकाळी मागे येणारा मित्र त्याच जागी, तशाच गाडीत, साध्या एटीवर निवांत थांबला होता. मी ते टायर अकरा महिन्यांत काढले. मायलेजचं रडगाणं गात नाही, लिटरमागे एखादा किलोमीटर गेला असेल. पण साठच्या पुढे जो घूंऽऽ असा आवाज सुरू व्हायचा, त्याने बायकोने पुढे बसणं सोडलं होतं. एमटीची बटणं वापरून एका कडेने झिजतात, टायरला दाते पडतात, आणि मग आवाज दर महिन्याला वाढत जातो. नवा टायर घेताना दुकानाभोवती फेरी मारून ‘आवाज एवढाही नाही’ म्हणणाऱ्यांना मी नेहमी सांगतो, दहा हजार किलोमीटरनंतर या.

रोज साठ किलोमीटर पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये चालणाऱ्या गाडीला एमटी टाकू नका, हे माझं स्पष्ट मत आहे. ज्याच्याकडे ऑफिससाठी दुसरी गाडी आहे आणि थार फक्त रविवारी निघते, त्याने खुशाल टाकावेत.

मग बार्शीचं काय? तुमच्या यादीत एमटीला खरा न्याय मिळेल अशी ही एकच जागा आहे. काळ्या मातीचा पांदण रस्ता भिजला की एटी अक्षरशः दहा पावलांत भरतो. चाकाला माती, मडगार्डला माती, आणि शेवटी चाक आत घासायला लागतं. पण ज्यांनी भर पावसात काळ्या रानात एमटीवर गाडी घातली आहे त्यांना विचारा, ते फक्त पन्नास मीटर पुढे जाऊन रुततात. तिथून काढायला मग ट्रॅक्टर आणखी लांब आणावा लागतो. आपले शेतकरी वाफसा आल्याशिवाय औत घालत नाहीत. गाडीलाही तोच नियम लावा. पाऊस उघडून दोन दिवस ऊन पडलं की त्याच रस्त्यावर तुमचा एटी आरामात जातो. वर्षातल्या चार फेऱ्यांपैकी एखादी पावसात सापडली, तर गाडी डांबरावर लावून उरलेलं अंतर गमबूट घालून चाला. भातखाचरांबद्दल तर बोलायलाच नको. चिखलणी केलेल्या खाचरात गाडी घालणं म्हणजे कुणाच्या तरी पोटावर चाक फिरवणं आहे. मावळात आणि मुळशीत गावकऱ्यांनी गाड्या अडवायला सुरुवात केली ती उगाच नाही.

आता त्या विषयाकडे येतो ज्यावर टायरच्या ब्रँडपेक्षा जास्त बोललं गेलं पाहिजे. हवा.

तुमच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर आहे, त्यावर कंपनीने सांगितलेली हवा लिहिली आहे. ती रस्त्यासाठी आहे. त्याच हवेवर दगडाच्या वाटेला गेलात तर टायर फुगलेल्या फुटबॉलसारखा असतो. दगडावर चढला की उसळतो, घसरतो, दोन दगडांच्या फटीत बाजू ताणलेली असताना सापडतो आणि चिरतो. डोंगराच्या पायथ्याशी थांबून चारही चाकांची हवा २० पीएसआयवर (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) आणा. टायर खाली बसतो, आणि रुंदीपेक्षा त्याचा ठसा लांबीत जास्त वाढतो. तो दगडाला कवटाळतो, आणि टोक टायरात शिरायच्या ऐवजी टायर त्याच्यावर दबतो. नुसती हवा कमी करून साधा एटी जितका सुधारतो, तितका फरक टायर बदलूनही बहुतेकांना मिळत नाही. हे मी दुकान चालवत असूनही सांगतोय, तेव्हा विश्वास ठेवायला हरकत नसावी.

२० हा दगड-मुरमाचा आकडा. मऊ चिखलात, सैल रेतीत १६ ते १८. पंधराच्या खाली साध्या रिमवर जाऊ नका, कारण वळताना टायर रिमवरून उतरतो. हवा कमी असताना वेग तीस-चाळीसच्या आत, आणि वळणं सावकाश. एक धोका मात्र लक्षात ठेवा. हवा कमी केली की बाजू बाहेर फुगते आणि दगडाच्या कडेला अधिक घासते. म्हणून दोन्ही बाजूंनी टोकदार दगडांच्या अरुंद घळीतून जाताना २० ऐवजी २३-२४ ठेवा आणि चाक कुठे पडतंय ते उतरून बघा.

आणि डांबरावर परत आलात की हवा पुन्हा भरल्याशिवाय एक किलोमीटरही हायवेला जायचं नाही. कमी हवेचा टायर वेगात सतत दुमडतो, दुमडून तापतो, आणि तापून फुटतो. समृद्धी महामार्गावर टायर फुटून अपघात होऊ लागल्यावर प्रवेशाच्या ठिकाणी गाड्यांचे टायर तपासायला सुरुवात झाली होती, आठवत असेल. ७०१ किलोमीटरचा काँक्रीटचा रस्ता, गाड्यांना ताशी १२० ची मुभा, उन्हाळ्यात वैदर्भीय ऊन. तिथे झिजलेला आणि हवा कमी असलेला टायर माफ करत नाही.

म्हणून टायरच्या खर्चातले पहिले पैसे बाजूला काढा ते कॉम्प्रेसरसाठी. सिगरेट लायटरच्या भोकात लागणारे खेळणे नको. बॅटरीला थेट चिमटे लावायचा, चार चाकं वीस मिनिटांत भरणारा घ्या. सोबत एक चांगला गेज. पेट्रोल पंपावरच्या मशीनवर किती विसंबायचं ते त्या त्या पंपावर अवलंबून! नायट्रोजनवर पैसे घालवू नका. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि डोंगरात ज्याची हवा तुम्ही सोडणार आणि परत भरणार, त्याला शुद्ध नायट्रोजनचं काय कौतुक?

साइज वाढवावी का? तुमच्या १८ इंची रिमवर २६५/७० आर १८ बसवा असं मित्र सांगत असतील. गणित करू. २५५/६५ आर १८ चा व्यास सुमारे ७८९ मिलिमीटर. २६५/७० आर १८ चा ८२८. म्हणजे पाच टक्के जास्त. गाडीची उंची वाढते निम्मी, वीस मिलिमीटर, बोटाचं एक पेर म्हणा. त्या बदल्यात मीटरवर शंभर दिसताना तुमची गाडी एकशे पाच धावत असते, सगळे गिअर पाच टक्के लांब होतात, म्हणजे घाटात एक गिअर जास्त पाडावा लागतो आणि लो रेंजमध्ये, म्हणजे फोर बाय फोरच्या हळू पण ताकदीच्या गिअरमध्ये, दगडावर हळू चढायची ताकद कमी होते. वर टायर जड. फिरणारं वजन ब्रेकलाही जाणवतं आणि सस्पेन्शनलाही. मागच्या दारावर टांगलेली जड स्टेपनी बिजागरीला लोंबते, खडखड सुरू होते. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की आत घासतं का ते वेगळंच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत बदल करणं हा वादाचा विषय होऊ शकतो, आणि तो वाद नेमका विम्याच्या दाव्याच्या वेळी उपटतो. तुमच्या वापरासाठी मूळ साइजच ठेवा. फार तर २६५/६५ आर १८. व्यास दीड टक्क्याने वाढतो, कुणाला कळतही नाही. पण फायदाही कळत नाही, हेही खरं.

इथे जरा वेगळी वाट सांगतो, जी दुकानात सहसा कोणी सांगत नाही, कारण त्यात विक्री कमी आहे. साइज वाढवण्यापेक्षा रिम लहान करा. थारच्याच खालच्या व्हेरिएंटला १६ इंची लोखंडी रिम आणि २४५/७५ आर १६ टायर यायचे. त्या टायरची बाजू १८४ मिलिमीटर उंच आहे, तुमच्या टायरची १६६. हवा कमी केल्यावर रिम आणि दगड यांच्या मधे हे अठरा मिलिमीटर जास्त रबर असणं फार मोलाचं असतं. लोखंडी रिम आपटली तर वाकते, पुण्यात कुठलाही रिमवाला ठोकून सरळ करतो. अलॉय तडकते. आणि अनेक जण नवी गाडी घेतल्या घेतल्या लोखंडी रिम काढून अलॉय लावतात, त्यामुळे जवळजवळ न वापरलेल्या रिम स्वस्तात मिळतात. बसवताना ब्रेकच्या कॅलिपरला रिम घासत नाही ना, ते हाताने चाक फिरवून बघा. दिसायला गाडी थोडी गरीब दिसेल. थार रॉक्सच्या वरच्या व्हेरिएंटला १९ इंची रिम देणाऱ्या कंपनीलाही माहीत आहे की शोरूममध्ये मोठी रिम विकली जाते.

रुंदीचाही एक भ्रम आहे. आमच्या लहानपणीच्या जीपना ६.०० - १६ चे अरुंद, उंच टायर असायचे, आणि त्या जीप आज आपण जिथे विंच लावतो तिथून भाजीच्या पोत्यांसकट जायच्या. अरुंद टायर वरचा चिखल कापून खालच्या कडक थराला टेकतो, रुंद टायर वर तरंगतो. रेतीत तरंगणं चांगलं, मुरमावरच्या चिखलात टेकणं चांगलं. आपला सह्याद्री दुसऱ्या प्रकारचा.

तर साइज ठरली, प्रकार ठरला एटी. आता एटीमधला कोणता? इथे टायरच्या बाजूवरची अक्षरं वाचायला शिका. साइजच्या आधी किंवा नंतर एलटी लिहिलं असेल तर तो हलक्या मालवाहू गाड्यांच्या जातीचा, जाड बाजूचा टायर. त्यावर सहा, आठ किंवा दहा प्लाय रेटिंग, म्हणजे टायरच्या दणकटपणाचा आकडा असतो. एलटी टायर दगडात राजा, पण एकेक टायर चार-पाच किलोने जड असतो आणि खड्ड्यात कडक चालतो. शिवाय तेवढंच वजन उचलायला त्याला स्टिकरवरच्या आकड्यापेक्षा थोडी जास्त हवा लागते, हे बसवणारे बऱ्याचदा सांगत नाहीत. दहा प्लायचा टायर तुमच्यासारख्या पावणेदोन टनाच्या आसपासच्या गाडीला नको. रोज कंबर दुखेल आणि उपयोग शून्य. मूळ जातीचा, म्हणजे एलटी नसलेला, पण जाड बाजूचा एटी, किंवा फार तर सहा प्लायचा एलटी, ही तुमची जागा आहे. आधी उल्लेख केलेला आरटी प्रकारही बघा, मात्र दुकानदाराला विनंती करून आधी कुणाच्या तरी गाडीत बसा, ज्याने तो किमान पंधरा हजार चालवलाय.

पुढचा आकडा लोड इंडेक्स. १११ म्हणजे एका टायरला १,०९० किलो, १०६ म्हणजे ९५०. गाडीबरोबर आलेल्या आकड्यापेक्षा कमी घेऊ नका, दुकानदार कितीही ‘चालतंय’ म्हणाला तरी. त्यापुढचं अक्षर वेगाचं. एमटी आणि एलटीवर बहुधा क्यू असतं, म्हणजे १६०. तेवढं पुरे.

ब्रँड विचाराल, तर मी एकच नाव सांगत नाही. सीएट, अपोलो, एमआरएफ, जेके या आपल्याकडच्या कंपन्यांचे एटी आता दहा वर्षांपूर्वीचे राहिले नाहीत, आणि गावात अडलात तर तालुक्याच्या ठिकाणी बदली टायर मिळण्याची शक्यता त्यांचीच जास्त. योकोहामाचा जिओलँडर एटी शांत आणि पावसात चांगला, रोजच्या वापराच्या लोकांना मी तो बऱ्याचदा सुचवतो. बीएफगुडरिचच्या ऑल टेरेनची बाजू वाखाणण्यासारखी आहे, पण किंमत आणि वजन दोन्ही जास्त. परदेशी टायरांबाबत एक अडचण आहे. जून २०२० पासून बाहेरून टायर आणायला परवाना लागतो, त्यामुळे माल कधी असतो, कधी नसतो. चारातला एक फाटला आणि तसाच दुसरा चार महिने मिळालाच नाही, असं माझ्या दोन गिऱ्हाइकांबाबत झालंय. आणि माल थांबून थांबून येतो म्हणून जुना साठा गळ्यात पडतो. टायरच्या बाजूवर लंबगोलात शेवटचे चार आकडे पाहा. २३२५ असेल तर २०२५ सालचा तेविसावा आठवडा. एक वर्षाच्या वरचा टायर मी स्वतःच्या गाडीला घेत नाही, सूट मिळत असली तरी. एक बरी बातमी म्हणजे सप्टेंबर २०२५ मध्ये टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा जुन्या दराच्या यादीवरून भाव सांगणाऱ्याला तेवढं विचारा.

चार घ्यायचे की पाच? पाच. डोंगरात जाणाऱ्या माणसाची स्टेपनी हा सुटा भाग नाही, तो पाचवा टायर आहे. तुमची फोर बाय फोर पार्टटाइम आहे, म्हणजे फोर हाय लावली की पुढचा आणि मागचा एक्सल एकमेकांना बांधले जातात. एका चाकाचा व्यास वेगळा असेल, तर ती ओढाताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे दोन्ही एक्सलना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या पेटीवर येते. चार नवे टायर आणि एक जुना गुळगुळीत गोटा अशी जोडी डोंगरात लावून फोर हायमध्ये घरी येणं म्हणजे टायरचे पैसे वाचवून गिअरचे भरणं. पाचही टायरांच्या जागा दर आठ हजार किलोमीटरला आळीपाळीने बदला, स्टेपनीही त्यात घ्या. पाचही एकसारखे झिजतात आणि पुढच्या वेळी पाचही एकदम बदलता येतात.

आताचे टायर किती दिवस चालवायचे? कायद्याची मर्यादा १.६ मिलिमीटर आहे, पण ती कोरड्या दिवसासाठी समजा. तीन मिलिमीटरवर पाणी कापायची ताकद बरीच गेलेली असते. आता उन्हाळा संपेपर्यंत ढकला, पण मे संपताना बदला. पावसाळा सुरू झाल्यावर सगळं पुणे टायरच्या दुकानात असतं आणि तुम्हाला हवा तो माल नसतो.

लडाखसाठी वेगळं काही करू नका. हाच एटी पुरतो. फक्त एक गोष्ट तिथे लोकांना घाबरवते. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे, बाहेरची हवा विरळ, त्यामुळे पुण्यात भरलेली हवा तिथे दुपारी मोजली तर गेजवर तीन-चार पीएसआय जास्त दिसू शकते. पहाटेच्या थंडीत तीच पुन्हा उतरते. वर पोचल्यावर सकाळी, गाडी हलवण्याआधी मोजून एकदा नीट करा, आणि खाली उतरलात की परत मोजा. रोहतांगच्या पलीकडे उतरून तशीच कमी हवेवर दिल्लीपर्यंत धावणारे महाभाग मी पाहिलेत.

टायर बसवायला जाल तेव्हा दोन बारीक गोष्टी सांगून ठेवतो. व्हॉल्व्ह नवे बसवून घ्या. जुन्या रबरी व्हॉल्व्हवर नवा टायर बसवणारे खूप आहेत, आणि हवा सतत सोडा-भरा करणाऱ्यांचे व्हॉल्व्हच आधी जातात. दुसरी, बॅलन्सिंगची वजनं रिमच्या आतल्या बाजूला चिकटवायला सांगा. बाहेरच्या कडेला ठोकलेली वजनं पहिल्याच दगडात उडतात. आणि डोंगरातून आल्यावर सोमवारी एक्स्प्रेसवेवर ऐंशीला स्टिअरिंग थरथरायला लागलं, तर माझ्याकडे किंवा कुणाकडेही अलाइनमेंटला धावू नका. आधी चाकं आतून धुवा. रिमच्या आत वाळलेला वेल्ह्याचा चिखल पाव किलो तरी असतो, आणि निम्म्या थरथरी पाण्याच्या पाइपनेच जातात.